मॅव्हिसचं नाक कुठाय?

"हे माझं तोंड? बाई गं, एवढी का मी फुटलेय-तुटलेय?" मॅव्हिस चित्रासमोर उभी राहून म्हणाली, आणि केकच्या टेबलापाशी जमलेल्या बाया खुसखुसल्या.

आमच्याकडे, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या या आडगावात, दरवर्षी कृषी प्रदर्शन भरतं. भोपळे, स्पंज केक आणि चित्रं सगळं एकाच शेडमध्ये मांडतात. मांडामांड माझ्याकडे. माझा मेहुणा क्लेम जन्मभर पवनचक्क्या दुरुस्त करत फिरला आणि म्हातारपणी रंगांच्या नादी लागला. यंदा त्यानं बायकोचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचंच चित्र दिलं होतं. एका कोपऱ्यात कान, खाली कुठंतरी हनुवटी, वर केसांची पिन आणि मधोमध नुसता करडा ढग. नाकाचा पत्ताच नाही.

परीक्षकबाई मात्र हरखल्या. "स्त्रीचं दुभंगलेलं अंतरंग," म्हणाल्या आणि पहिल्या नंबराची निळी फीत लावून गेल्या. दुभंगलेलं म्हणे! दुभंगला असेल तर मॅव्हिसचा केक, तोही एकदाच.

मॅव्हिसला फितीचं काहीच नव्हतं. मला भोपळ्यांमागे ओढून ती म्हणाली, "एडना, हल्ली हा माझ्याशी बोलताना तोंड फिरवतो गं. जेवताना भिंतीकडे बघत बसतो. मला वाटायचं, माझ्याच मनाचे खेळ. आता त्यानं चारचौघांत टांगूनच दाखवलं, की माझ्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून."

तिचे डोळे भरून आले. मला असा संताप आला! तरातरा गेले आणि चहाच्या टेबलावरून क्लेमला उठवून आणला.

"हिचं नाक कुठाय?"

तो हातातली टोपी चुरगाळत राहिला. "मला दिसत नाही," म्हणाला.

"म्हणजे?"

"सरळ बघितलं की मधलं सगळं पुसलं जातं. मान वळवली की कडेनं दिसते ही. कधी कान, कधी हनुवटी. जेवढी सापडली तेवढी काढली."

"आणि मला बोलला नाहीस?" मॅव्हिस म्हणाली.

"लायसन्स काढून घेतील. तुला गाडी येत नाही. मग तुला गावात कोण आणणार?"

"मेल्या, असल्या डोळ्यांनी मला गाडीत घालून आणत होतास?" ती ओरडली, मग हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. त्याच्या खिशातून किल्ल्या काढून तिनं माझ्या हातात कोंबल्या. "आज ही सोडेल. उद्यापासून मी शिकते."

आम्ही चहाला बसलो. मॅव्हिसनं क्लेमच्या समोरची खुर्ची उचलली आणि त्याच्या कोपराला लागून मांडली. तो आपला पलीकडच्या भोपळ्यांकडे बघत होता. जरा वेळानं म्हणाला, "कानाला पीठ लागलंय तुझ्या."

मॅव्हिसनं ते पुसलं नाही.