पावसाकडची भिंत

रविवारी सकाळी गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि सई अंथरुणावर उठून बसली. पाहुणे आले होते. ओळखीचं कुणी नव्हे, घर बघायला येणारे लोक.

पनवेलजवळ नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी सई आणि प्रणितने मातीचं घर बांधलं होतं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, आत कारवीच्या कुडाचे आडोसे, वर मंगलोरी कौलं. प्रणितची बेलापूरला कंपनीत नोकरी, सई पनवेलच्या शाळेत शिक्षिका. आराखडा प्रणितनेच एका आर्किटेक्ट मित्राबरोबर बसून केला होता. त्याने घराचे फोटो नेटवर टाकायला सुरुवात केल्यापासून रविवार त्यांचा राहिला नव्हता. प्रणित लोकांना घरभर फिरवायचा. सई चहा करायची, पोहे करायची, आणि सगळे गेल्यावर पायांबरोबर आलेली खडी झाडून काढायची.

त्या दिवशी नवीन पनवेलहून एक जोडपं आलं होतं. नवऱ्याला असंच घर बांधायचं होतं, जागाही बघून ठेवली होती. त्याची बायको कोमल भिंतींना हात लावत लावत स्वयंपाकघरात आली. बाहेर प्रणितचा आवाज येत होता, "मे महिन्यातसुद्धा आम्ही पंखा लावत नाही. भिंत श्वास घेते."

कोमलने ओट्याला टेकून हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा ना. राहायला कसं आहे?"

हा प्रश्न सईला आजवर कुणी विचारला नव्हता. विचारायचे ते खर्च, नाहीतर साप येतात का. चहाचं आधण उकळायला लागलं होतं. तिने गॅस बारीक केला.

"गार असतं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात फार बरं वाटतं, ते खोटं नाही. पण भिंतीची भुकटी पडते. रोज अंथरूण झटकायचं, भांडी पालथी ठेवायची. मागच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली, ती बदलली. आणि ती पश्चिमेची भिंत, फोटोत असते ती. सगळा पाऊस तिच्यावरच येतो. श्रावणापर्यंत गिलावा फुगतो, मग पडतो. दर दिवाळीच्या सुट्टीत माती तुडवायची, शेण आणायचं, भाताचं तूस मिसळायचं आणि नव्याने लिंपायचं."

"कोण करतं?"

"मी. ह्यांच्या कंपनीला तेवढी सुट्टी नसते, माझ्या शाळेला असते. शेजारच्या भामाताई येतात सोबत. माझी सुट्टी त्या भिंतीत जाते."

बोलून झाल्यावर तिने वर पाहिलं. दारात प्रणित उभा होता, त्याच्यामागे कोमलचा नवरा. सईने चहा कपांत गाळला. कोमलनेच ट्रे उचलला आणि बाहेर नेला.

लोक गेल्यावर प्रणित बराच वेळ अंगणात घुटमळला. मग आत येऊन म्हणाला, "लोकांसमोर बोलायची गरज होती का?"

"तिने विचारलं."

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं. गेल्या वर्षी सांगितलं, त्याच्या आधीच्या वर्षीही. तू म्हणालास, बघू." सईचा आवाज चढला नाही. भांडायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्यात नव्हता. तिने कपबशा विसळल्या आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत माती भिजत घातली, तेव्हा प्रणितने रजा टाकली. भामाताई आल्या तर चिखलात गुडघ्यापर्यंत पँट दुमडून प्रणित उभा. त्यांनी सईकडे बघून डोळे मोठे केले.

"आज दादा सवता चिखलान?" त्या म्हणाल्या. "बरा झाला. आमी सारवून सारवून हात झिजवलं. पक्का घर झाला, वर सलॅब पडला, तवा मी सुटली. तुमी मंग कशाला हौसेनं गल्यात बांदून घेतलाव?"

"विचारा त्यांनाच," सई म्हणाली.

प्रणित हसला, पण थोडंच. माती तुडवताना तो लवकरच धापा टाकायला लागला. गिलाव्याचा गोळा भिंतीवर मारायचा तर निम्मा खाली घसरायचा. सई वरून लिंपत येत होती, भामाताई खालून. तो मध्ये एक तुकडा धरून बसला होता. उन्हं चढेपर्यंत त्याचा तेवढा तुकडाही झाला नाही. मग पाठ धरून तो दगडावर बसला आणि सगळ्या भिंतीकडे पाहत राहिला.

"एवढी मोठी आहे ही?" तो म्हणाला.

सईने हात थांबवले नाहीत. "हो."

"कौलं भिंतीच्या पुढे हातभर बाहेर काढायला हवी होती. ते मी नको म्हणालो. सरळ रेषा हवी होती मला." मग भिंतीकडे हात करून म्हणाला, "इकडून पडवी काढू. खांब टाकून, कौलं उतरवून."

"भिंत दिसणार नाही मग फोटोत."

"नको दिसू दे."

सई त्याच्याकडे वळली. तिच्या कोपरापर्यंत माती सुकून तडकली होती. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं. पण खांदे एवढे भरून आले होते की आधी खाली बसावंसं वाटलं. ती त्याच्या शेजारी, दगडाच्या उरलेल्या कडेवर बसली. भामाताई एकट्याच लिंपत राहिल्या आणि थोड्या वेळाने त्यांनीही पाण्याचा तांब्या मागितला.

पडवी उन्हाळा संपता संपता उभी राहिली. रविवारचे पाहुणे प्रणितने बंद केले नाहीत, पण महिन्यातून एकदाच बोलवायला लागला, आणि चहा त्याचा तोच करायचा. भिंतीला काय काय करावं लागतं, हेही तो सांगू लागला. ते ऐकून काही जण लवकर निघायचे. कोमलचा फोन आला होता. त्यांनी करंजाड्यात फ्लॅट घेतला. "तुमच्यामुळे नाही हं," ती घाईघाईने म्हणाली. सई म्हणाली, "असलं तरी चालेल."

त्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत कोरडी राहिली. उत्तरेचा कोपरा मात्र ढासळला, तिथे पन्हळ गळत होती. एका सकाळी सईला बाहेरून माती थापल्याचा आवाज आला. प्रणित एकटाच काम करत होता, मधूनच स्वतःशी काहीतरी पुटपुटत. बरोबर लिंपतोय का, हे जाऊन बघावं असं तिच्या मनात आलं. मग तिने कूस बदलली आणि पांघरूण ओढून घेतलं.