डिंकाने चिकटवलेली दोन पाने

मित्रांनो, मी एका जुन्या कादंबरीचा पहिला भाग आहे. इतर पुस्तकांना नुसते नाव असते, मला क्रमांकही आहे, कारण माझ्यामागे आणखी आठ भाग आहेत. राजपुत्र, शापित तलवार, सात डोंगर आणि अंधाराचा राजा असे बरेच सामान माझ्या पोटात आहे. पाने सहाशे चाळीस. मला उचलताना लोक 'बाप रे' म्हणतात आणि खरे सांगतो, मला ते आवडते.

माझा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून माझे शब्द उभे राहिले. तिथून मी लालबागच्या एका वाचनालयात गेलो आणि तेरा वर्षांच्या यतीनच्या हाती पडलो. त्याने मला तीनदा वाचले. जेवताना वाचले, तापात वाचले. त्या वर्षी त्याला शाळेत कोणी मित्र नव्हता, म्हणून माझा राजपुत्रच त्याचा मित्र झाला. पुढे वाचनालय बंद झाले, तेव्हा ग्रंथपालांनी आम्हा नऊ भावंडांना त्याच्याच हवाली केले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे कौतुक.

मग वाईट दिवस आले. यतीनला नोकरी लागली, घर भाईंदरच्या नवघर भागात आले, तिथल्याच किनाऱ्यावरच्या पाली या कोळीवाड्यातल्या रुचिताशी त्याचे लग्न झाले आणि मी माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्यांखाली गेलो. तिथे मी किती वर्षे काढली, ते मोजायचेही सोडून दिले होते.

गेल्या वर्षी यतीनने मला खाली काढले. त्याची मुलगी दिशा अकरा वर्षांची झाली होती. आपल्याला जे मिळाले ते तिलाही मिळावे, एवढीच त्याची इच्छा होती. रोज संध्याकाळी चहा झाला की तो मोठ्याने वाचायला बसे.

"बाबा, तो अजून डोंगरच चढतोय?" चौथ्या दिवशी दिशाने विचारले.

"थांब ना, पुढे भारी आहे."

"आणि यात मुली कुठेत?"

"राणी आहे की."

"ती नुसती रडतेय!"

यतीन हसला, पण मला ते लागले. यतीनलाही थोडे लागले असावे, कारण त्या दिवसापासून तो आधी एकटा वाचून मग तिला ऐकवू लागला. असे करताना तो दोनशे बाराव्या पानावर आला आणि थांबला.

मित्रांनो, त्या पानावर काय आहे ते मला सांगावेच लागेल. तिथे समुद्रकाठचे लोक येतात. 'मासळीचा वास मारणाऱ्या त्या काळ्या टोळ्यांना ना देव होता ना दया,' असे माझ्यात छापले आहे. ते अंधाराच्या राजाचे चाकर असतात आणि शेवटी राजपुत्र त्यांच्या होड्या जाळतो. रुचिताचे माहेर पालीचे, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेले. यतीनने ते पान पुन्हा पुन्हा वाचले. मला फेकून द्यावे असे त्याला वाटले आणि छातीशी धरावे असेही वाटले. शेवटी त्याने डिंकाची बाटली आणली आणि ते पान आणि त्याच्या समोरचे पान एकमेकांना चिकटवून टाकले. मला फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी सगळे पालीला गेले. दिशाने मला बरोबर घेतले होते. अंगणात तिची आजी कमळाबाई बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, असा तिचा हात सरसर चालला होता.

"काय लिवलंय एवढ्या जाड बुकात? वाच की," ती म्हणाली.

आदल्या दिवशी वाचन थांबले होते तिथून दिशा वाचू लागली. पालीच्या खाऱ्या, दमट हवेत माझा डिंक सैल पडला होता. पाने हलकेच सुटली आणि तिने पुढचे वाचायला सुरुवात केली. मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या यतीनने ते शब्द ऐकले आणि तो जागीच उभा राहिला. मला मिटून जावेसे वाटत होते. पण पुस्तकाला स्वतःहून मिटता येत नाही.

दिशाचा आवाज बारीक होत गेला. "आजी, हे आपल्याबद्दल आहे?"

कमळाबाईचा हात थांबला होता. यतीनने पाटी खाली ठेवली.

"आई, मीच ती पानं चिकटवली होती. लहानपणी होड्या जळाल्या तेव्हा मी टाळ्या वाजवलेल्या. आता वाचलं आणि... तुम्हाला हे कळू नये असं वाटलं."

"सगल्या होड्या जाळल्या?" कमळाबाईने विचारले.

"हो."

"त्यातला कोन वाचला का न्हाय?"

यतीनने पुढची पाने उलटून पाहिली. माझ्यात ते लिहिलेलेच नाही. सहाशे चाळीस पानांत डोंगरांची वर्णने आहेत, मेजवान्यांची आहेत, पण त्या माणसांचे पुढे काय झाले, हे लिहिणाऱ्याला सुचलेच नाही.

"म्हंजे लिवनारा कंदी दर्यावर गेलाच न्हाय," ती म्हणाली. "एकाची होडी पेटली तर दुसरा दोर टाकतो. कोन ना कोन वाचतोच. आनि जावईबापू, तुमी पानं चिकटवली, तर त्यो लिवनारा मला काय बोलला ते मला कसा कळनार? मी जबाब कसा देनार?"

"मग हे पुस्तक बंद करू?" दिशाने विचारले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, कारण एव्हाना तिला माझा राजपुत्र आवडू लागला होता.

"बंद कशाला? तुजा राजपुत्र पोरगा वाईट न्हाय, त्याला कोनी सांगितला न्हाय. पुढं वाच. चुकला तिथं थांब, मी हाय ना."

ती सबंध दुपार वाचन चालले. मध्येच कमळाबाई राजपुत्राला रागावत होती, मध्येच 'मग काय झाला?' म्हणत होती. यतीन शेजारी बसून हसत होता आणि डोळेही पुसत होता.

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांना ऊन दाखवा, वाळवीपासून जपा, माळ्यावर टाकू नका. पण आमची वाईट पाने लपवू नका. ज्यांच्याबद्दल आम्ही चुकीचे लिहिले आहे, त्यांच्या शेजारी बसून आम्हाला मोठ्याने वाचा.