खांबापासून मीटरपर्यंत

वादळाने सगळ्या गल्लीत वायर तोडली ती फक्त आमची. गुलमोहराची फांदी पडली ती नेमकी खांबावरून आमच्या घरावर येणाऱ्या वायरवर, आणि वायरने जाताजाता गच्चीवरचा लोखंडी पाइपही वाकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत लाइट आली. शेजारीपाजारी मिक्सर घुरघुरायला लागले, कोणी पाण्याची मोटर लावली. आमचा मीटर मात्र मेलेला.

नुसता पंखा बंद असता तर मी एवढी पेटले नसते. माझ्या सासूबाई, अनसूयाबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. पडून पडून त्यांच्या पाठीला जखम झाली होती, ती भरून यायला अख्खा हिवाळा गेला. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की हवेची गादी बंद ठेवायची नाही. ही गादी विजेच्या पंपावर चालते. तिच्यातले कप्पे आळीपाळीने फुगतात नि बसतात, म्हणून पाठीवर एकाच जागी भार येत नाही. वीज गेली की गादी बसते आणि आई थेट खालच्या फळीवर येतात. जखमेवरची कातडी अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती. ती पुन्हा फाटली तर डॉक्टरांनी सरळ दवाखान्यातच आणायला सांगितलं होतं.

तक्रारीसाठी फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या भागातला वीजपुरवठा सुरळीत झालेला आहे."

"भागातला झालाय हो. माझा नाही झालेला."

तिने तेच वाक्य त्याच गोडव्याने पुन्हा ऐकवलं.

दुपारी लाइनमन यादवभाऊ आले. बिचारे वादळापासून झोपले नसावेत, डोळे तांबारलेले होते. वर बघून म्हणाले, "ताई, खांबाला करंट हाय. आमचं काम खांबापर्यंत. तिथून खाली तुमचं तुमी बघा. वायर आणा, वायरमन बोलवा."

मी म्हटलं ठीक आहे, बोलवू. आमच्या घराचं फिटिंग केलेला अमित आला, त्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली. "वहिनी, मीटरच्या आतलं काय असेल ते सांगा, आत्ता करून देतो. बाहेरच्या वायरला हात लावला तर माझं लायसन्स जाईल. ते कंपनीचं काम."

"ते म्हणतात तुमचं काम."

"ते म्हणणारच!"

म्हणजे खांबापर्यंत कंपनीचं, मीटरपासून पुढे आमचं, आणि मधली वायर बेवारस. इतकी वर्षं ह्याच वायरने वीज आणली, तेव्हा ती कोणाची असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तुटल्याबरोबर दोघांनीही तिची ओळख विसरावी, ह्याला काय म्हणायचं?

मी ऑफिसात गेले. साहेब साइटवर. कोणत्या साइटवर ते कोणालाच माहीत नाही. टेबलावरच्या माणसाने "सगळीकडेच पडझड झालीय मॅडम" असं मला समजावलं, जणू मी हौसेने आले होते. मी त्याला आईंच्या पाठीचं सांगायला लागले तर तो मोबाइलवर कोणाला तरी आंब्याच्या पेटीबद्दल सांगायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर आमचे आल्हादराव म्हणाले, "होईल गं. त्यांच्यावरही ताण असेल." आल्हाद, माझा नवरा, ओझरच्या कारखान्यात आहे आणि त्याचा शांतपणा एरवी मला आवडतो. त्या दिवशी मात्र त्याच्या डोक्यावर तांब्या रिकामा करावासा वाटला. पण आईंना कुशीवर वळवायला, उशा लावायला, पुन्हा वळवायला तोच माझ्या बरोबरीने उठत होता. आई मोठ्या सहनशील. सायखेड्याच्या शेतात उभा जन्म गेलेली बाई. काही विचारलं की एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय? तुम्ही झोपा."

तिसऱ्या दिवशी अंग पुसताना मला ती जागा लाल दिसली. बोटाने दाबली तरी लालच राहिली. पुसायचं फडकं मी उचललं ते त्या जागेवर परत टेकवलंच नाही, आणि आईंना ते कळलं.

समोरच्या ज्योत्स्नाताई डबा द्यायला आल्या तेव्हा मला रडूच फुटलं. त्या माझ्यावरच ओरडल्या. "आधी नाही सांगायचं? मी काय परकी आहे?" अर्ध्या तासात त्यांच्या खिडकीतून आमच्या खिडकीत वायर आली, कपड्यांच्या दोरीला बांधून, गल्लीच्या वरून. त्या वायरवर आम्ही पंप आणि एक बल्ब, एवढंच लावलं. गादी हळूहळू वर आली. आई म्हणाल्या, "आत्ता गं बाई." त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटल्याचं त्यांनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी! ज्यांना आमची तुटलेली वायर दिसत नव्हती त्यांना ज्योत्स्नाताईंची वायर बरोबर दिसली होती. कोणीतरी फोन केला म्हणे. कोणी, ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळलं तर त्याची धडगत नाही.

जीपमधून तरुण साहेब उतरले, कडक इस्त्रीचा शर्ट, मागोमाग यादवभाऊ. "ही वायर कोणाची? एका मीटरवरून दुसऱ्या घराला वीज देता येत नाही. दोघींवरही कारवाई होईल."

ज्योत्स्नाताईंचा चेहरा उतरला. नवऱ्यामागे एकटी राहणारी बाई, उभ्या आयुष्यात कोणाची बोलणी खाल्लेली नाहीत. मी पुढे झाले. "त्यांना काही बोलायचं नाही. बोलायचं ते माझ्याशी बोला. तुमची माणसं म्हणतात खालची वायर आमची. मग आजच अमितला खांबावर चढवते आणि जोडून घेते."

"खबरदार!" साहेबांचा आवाज चढला. "खांबापासून मीटरपर्यंतची लाइन कंपनीची मालमत्ता आहे. बाहेरच्या माणसाने हात लावला तर गुन्हा दाखल करीन."

"पुन्हा एकदा म्हणा."

"काय?"

"कोणाची मालमत्ता?"

साहेब जीपकडे वळून बघायला लागले. यादवभाऊ चपलेकडे बघत होते. गल्लीतली चारपाच माणसं फाटकापाशी जमली होती, त्यांतलं कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यावर साहेबांना राग आला असावा. "यादव, आधी ती वायर काढा. रस्त्यावरून गेलीय, धोका आहे."

यादवभाऊंनी माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि ज्योत्स्नाताईंच्या घरात जाऊन पिन उपसली. आतला पंपाचा आवाज थांबला. दारात उभं राहूनही तो थांबलेला ऐकू आला.

"आता आत या," मी साहेबांना म्हटलं.

"मॅडम, मला पुढे आणखी..."

"वीज तोडली ना? मग कोणाची तोडली ते बघून जा."

फाटकापाशी माणसं होती म्हणून असेल, पण ते आले. बूट काढून आले, हे मान्य करते. आई भिंतीकडे तोंड करून होत्या. गादी बसत चालली होती. मी साहेबांना म्हटलं, "हात इथे घाला. पाठ आणि गादीच्या मध्ये." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शर्टाची बाही वर केली आणि हात घातला. हात खालच्या फळीला टेकला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. वर ते लाल कातडं, खाली लाकूड, आणि मध्ये साहेबांचा तळवा.

आईंनी मान वळवली नाही. त्यांना वाटलं आल्हादच आहे. "हात काढू नको रे," त्या म्हणाल्या. "असाच ठेव. तिथंच टोचतंय."

साहेब तसेच वाकून राहिले. थोड्या वेळाने खिडकीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "यादव, वायर आहे का गाडीत?"

"हाय ना साहेब. पयल्यापासून हाय."

पहिल्यापासून! चार दिवस ते वेटोळं गाडीत घालून हे नाशिकभर हिंडत होते. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण आईंचा डोळा लागला होता म्हणून मी ते गिळले. बाहेर शिडी लागल्याचा आवाज आला. यादवभाऊ चढले, फांदीचा राहिलेला तुकडा तोडला, पाइप सरळ केला. अमितही धावत आला आणि खालून वायर देत राहिला, आणि त्याला कोणी गुन्ह्याची धमकी दिली नाही.

साहेबांच्या खिशातला फोन वाजत होता. वाकून वाकून त्यांच्या मानेवर घाम आला होता, हाताला मुंग्या आल्या असणार, ते पाय बदलत होते. मी त्यांना खुर्ची दिली नाही. पाणीही विचारलं नाही.

मग खोलीतला बल्ब लागला, मी पंपाची पिन आमच्या बोर्डात लावली आणि पंप घरघरला. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि हात अलगद ओढायला घेतला. आई झोपेतच कण्हल्या.

"राहू द्या," मी म्हटलं. "गादी अजून फुगायची आहे."