बत्तीस दातांचा चढ

सायकलच्या मागच्या चाकाला लहानमोठ्या अकरा चकत्या असतात, प्रत्येकीला दात असतात. जितके दात जास्त तितकं पायाला सोपं, पण चाल हळू. ही गोष्ट चढावर घडते, म्हणून मथळे दातांचे. आकडा वाढला की समजावं, रस्ता चढला.

सोळा

टेकडीचा पायथा. ती पुढे, तिचा दादा मागे. नऊ वर्षं दर रविवारी असंच. ती कवळ्या बनवते, तो निवृत्त आहे आणि सगळ्यांना सल्ले देतो.

"चिमे, गुडघा दुखतोय का?"

"नाही."

"मग एवढ्यात गिअर कशाला हलका केलास?"

"दुखू नये म्हणून."

अठरा

महिन्यापूर्वी डावा गुडघा टम्म फुगला होता. डॉक्टरीणबाई आडपडदा ठेवून बोलत नाहीत. "या टेकडीवरून आणखी एकदा असा गुडघा घेऊन आलात, तर सायकल कायमची बंद." घरी येऊन तिने चहा पुढ्यात घेतला. टेकडी सोडायची की चकती बदलायची? चहा गार झाला. तो तसाच ठेवून ती सायकलवाल्याकडे गेली.

वीस

सायकलवाल्याने बोटाने दात मोजले. "तुमची सगळ्यात मोठी चकती अठ्ठावीसची आहे. नवीन संच घालू, त्यात मोठी बत्तीसची. चेन थोडी लांब लागेल. पायावरचा भार आठवा हिस्सा कमी होईल."

"आठवाच?"

"बाई, आठवा म्हणजे किती ते गुडघ्याला विचारा."

अठ्ठावीसचे बत्तीस. तिला खुदकन हसू आलं. दिवसभर मेणात दात रोवणारी बाई ती. का हसली हे सायकलवाल्याला कळलं नाही. असू दे, अजून चढ बाकी आहे.

बावीस

"म्हाताऱ्यांची चकती," दादा मागून म्हणाला. "पुढच्या रविवारी मोटार बसव."

"कवळी लावायलाही दोन महिने अशीच कुरकुर केली होतीस. आता सफरचंद कराकरा चावतोस."

"तोंडाची गोष्ट वेगळी."

"तुझ्या तोंडाची आहेच वेगळी."

पंचवीस

(इथे कुणी बोलत नाही. श्वास दुसऱ्या कामाला लागतो.)

अठ्ठावीस

पाण्याच्या टाकीचं वळण. आजवर इथे चकत्या संपायच्या, आणि मग ती सीटवरून उठून, दातओठ खात, सगळं वजन पॅडलवर टाकायची. गुडघा गेला तो इथेच.

मागे दादाची सायकल एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि थांबली. त्याचे बूट रस्त्यावर वाजले. टक. टक.

जुनी सवय म्हणाली, ऊठ, दाब.

ती उठली नाही. गिअरवरचं बोट हललं.

खट्.

बत्तीस

पायाखालचं ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं, आणि चाल गोगलगायीची झाली. दादा सायकल ढकलत शेजारी आला.

"मी चालतोय, तू चालवतेयस, आणि दोघं बरोबरच आहोत. काय मिळवलंस?"

झोंबलं. कारण खरं होतं. एक खट् उलटी, चार जोराची पॅडलं, की तो मागे पडला असता. बोट तिथवर गेलंसुद्धा.

"बसायला मिळालं," ती म्हणाली आणि बोट काढून घेतलं.

मग ती मोजायला लागली. पॅडलची एक फेरी, एक दात. वरचे उजवे आठ. वरचे डावे आठ. खालचे डावे. खालचे उजवे. एक तोंड भरलं. दुसरं. दादाची टकटक आधी शेजारी होती, मग चाकामागे, मग टाकीजवळ कुठेतरी. पाचवं तोंड अर्धं भरलं होतं तेव्हा रस्ता सपाट झाला. पाय एकदाही टेकला नव्हता.

अकरा

उतार म्हणजे सोमवार. सकाळी जिन्यावर बसून तिने दोन्ही गुडघे चाचपले. डावा उजव्याएवढाच होता. तिने पुन्हा चाचपले. एवढाच.

दुपारी दादा तिच्या कारखान्यात आला. हातात सायकलचं मागचं चाक. प्लास्टरचे जबडे सरकवून त्याने ते टेबलावर ठेवलं.

"बघ जरा."

तिने मेण कोरायच्या सळईने सगळ्यात मोठ्या चकतीचे दात एकेक करून मोजले. घाई केली नाही.

"अठ्ठावीस."

"ते मलाही येतं मोजता."

"चार कमी आहेत, दादा. तुझ्या सायकलला अक्कलदाढा आल्याच नाहीत अजून."

दादाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनेच बनवलेले वरचे दात दिसले.

"मग बसव," तो म्हणाला.

"माझ्याकडचे चढाला चालत नाहीत." तिने एप्रन काढून खुंटीला अडकवला. "उचल चाक. सायकलवाला जेवायला जायच्या आत पोहोचू."