टर्बोची सोंड

खरवईच्या भगवंत भोईराला दोन गोष्टींचा भारी माज होता. एक म्हणजे खांद्यावरचा लाल चौकडीचा टॉवेल आणि दुसरी अंगणातली जुनी डिझेल जीप. टॉवेल तो शेतावरही तोच न्यायचा आणि लग्नालाही तोच. जीपबद्दल कुणी वावगा शब्द काढला, तर त्या माणसाशी तो महिना महिना बोलायचा नाही. त्याची बायको पुतळाबाई म्हणायची, "या घरान मना दोन सवती हायत. त्यातली एक निदान धुता तरी येते."

जीपवर एवढा जीव असायला कारण होतं. गावदेवीचं ठाणं मागच्या डोंगरावर, आणि वर पाण्याचा थेंब नाही. म्हणून चैत्रातल्या जत्रेला घराघरातून बैलगाड्या पाण्याची पिंपं घेऊन चढणीला लागायच्या. ज्याची गाडी आधी वर पोचेल, त्याने त्या वर्षी देवीला पितळी मुखवटा चढवायचा, हा मान. भगवंताच्या बापाने तो बैलांवर मिळवला होता. पुढे बैल गेले, शेतं गेली, शेतांत टॉवर उभे राहिले, आणि चढणीला लागायला उरली एकटी भगवंताची जीप. तो दरवर्षी एकट्याच शर्यतीत पहिला यायचा आणि तरीही वर उतरल्यावर मिशीवरून असा हात फिरवायचा, की जणू मागे पन्नास गाड्या धापा टाकत येताहेत.

यंदा मात्र मागे खरंच एक गाडी येणार होती, आणि तीही घरचीच. भगवंताचा मुलगा भूपेश आनंदनगर एमआयडीसीत पाइपांची कंत्राटं घेतो. त्याने नवा फोर-बाय-फोर पिकअप ट्रक आणला होता, टर्बो इंजिनाचा. शिवाय उल्हासनगरला जाऊन त्याला एक काळं नळकांडं बसवून आणलं. बॉनेटच्या बाजूने निघून टपापर्यंत गेलेलं हे नळकांडं. भूपेश त्याला स्नॉर्केल म्हणायचा. भगवंताने त्याचं नाव सोंड ठेवलं.

"ही सोंड कशाला? हत्ती हाय का?"

"बाबा, खाली धूळ असते, ओढ्याला पाणी असतं. म्हणून हवा वरून घ्यायची. साफ हवा. मग ती फिल्टरमधून टर्बोत जाते."

आणि मग भूपेशने बापाला टर्बो समजावून सांगितला. हौसेने, बॉनेट उघडून, बोट दाखवून. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चाक फिरतं, त्या चाकाला जोडलेलं दुसरं चाक बाहेरची हवा आत ठासून भरतं. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जळतं, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाला लाजवतं.

"म्हंजे सोताच्याच धुरावर जगतंय बिचारं," भगवंत म्हणाला. "आपली जीप बघ. इंजिन मोठं, टर्बो नाय, फिर्बो नाय. जेवढी हवा नाकात जाईल तेवढ्यात संसार. फिल्टरमदी वाटीभर ऑईल घातलं, की धूळ त्याच्यात चिकटून बसते. रविवारी वाटी धुवायची, खेळ खलास."

"म्हणून तर ती चढावर म्हातारीसारखी चालते. बाबा, सगळा खेळ हवेचा आहे. टर्बोला हवा कमी पडली ना, तर ही गाडी बकरीसुद्धा ओढणार नाही. पण मिळाली तर बघ."

शेवटची वाक्यं भूपेशने बोलायला नको होती. पण शिकवायची हौस असलेल्या माणसाला थांबायचं कुठे हे कळत नाही.

भांडणाचं मूळ अंगण होतं. तिथे एकच गाडी मावायची, आणि दुसरी भूपेशच्या मते भंगारवाल्याकडे जायला हवी होती. भगवंताने छाती फुगवून सांगून टाकलं, "चढणीवर ठरू दे. जी गाडी मागं राहील, ती अंगणातून जाईल. देवीची आण." बोलताना फार बरं वाटलं. त्याच संध्याकाळी भूपेश भरलेली पिंपं घेऊन ट्रक डोंगरावर चढवून आला, आणि खाली उभ्या भगवंताने तो चढताना पाहिला. ट्रक थांबला नाही, दमला नाही, नुसता शीळ घालत वर गेला. आपली जीप उल्हासनगरच्या भंगारात उलटी पडलेली भगवंताला डोळ्यांसमोर दिसली, आणि त्या रात्री तो नीट जेवला नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळी बायका देवीचा पेटारा घेऊन पायवाटेने डोंगरावर निघाल्या, पुतळाबाई त्यांच्यात पुढे. भूपेश अंघोळीला गेला. अंगणात भगवंत, जीप आणि सोंडवाला ट्रक, एवढेच उरले.

सगळा खेळ हवेचा आहे, हे लेकाचं वाक्य त्याच्या डोक्यात घुमत होतं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खांद्यावरचा टॉवेल काढला. गाडीचं वाईट व्हावं अशी त्याची इच्छा मुळीच नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. टॉवेल आत ओढला जाऊ नये म्हणून त्याने मधोमध घट्ट गाठ मारली. टर्बोच्या नाजूक पात्यांना काही होऊ नये, म्हणून खाली फिल्टर आहे याची आधी खात्री करून घेतली. मग ट्रकच्या पायरीवर चढून सोंडेचं टोपण उघडलं, टॉवेलचा बोळा आत दाबला आणि टोपण परत लावलं. इतक्या काळजीने लबाडी करणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नसेल.

भूपेशने येऊन ट्रक चालू केला. इंजिन गोड वाजलं. गाडी उभी असताना तिला हवा लागते कितीशी? भगवंताने मनातल्या मनात देवीला नारळ बोलला.

डोंगराच्या पायथ्याशी अख्खं गाव जमलं होतं. पंचांतला सगळ्यात म्हातारा धोंडिबा शिट्टी घेऊन मधोमध उभा. भगवंत जीपमध्ये चढणार, इतक्यात भूपेशने त्याचा दंड धरला आणि ट्रकची किल्ली हातात ठेवली.

"बाबा, ट्रक तू चालव. मी जीप घेतो."

"कनाला?"

"धोंडिबाकाकांना विचारलं मी. गाडी कुणाची का असेना, मान हाकणाऱ्याचा. ट्रक पहिला येणार हे तुला पण माहिती आहे, मला पण. जीप जाणार ती जाणार. तुझा मान कशाला जाऊ देतोस? मुखवटा तूच चढवायचा, बाबा. दरवर्षीसारखा."

आयुष्यात लेकाने एवढं गोड काही केलं नव्हतं, आणि करायला मुहूर्त नेमका हाच मिळाला होता! "नको" म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. सोंडेत हात घालावा तर गाव बघतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी "वा रे पोरा" म्हणालं, आणि आपण केवढे नीच आहोत हे भगवंताला पहिल्यांदाच स्वच्छ कळलं. तो निमूट ट्रकमध्ये जाऊन बसला.

शिट्टी वाजली. सपाटीवर ट्रक ऐटीत पुढे गेला आणि भगवंताला वाटलं, देवीनेच टॉवेल गायब केला वाटतं. पहिला उभा चढ आला. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. ट्रकने नाक दाबलेल्या माणसासारखा आवाज काढला आणि मागून काळ्या धुराचा लोट सोडला. समोर एक पिवळा दिवा लागला. पॅडल तळाला टेकलं तरी गाडी पुढे सरकेना, आणि भरलेली पिंपं तिला मागे खेचू लागली. भगवंताने पहिला गिअर टाकला आणि बैलगाडीच्या चालीने रांगू लागला.

मागून ओळखीचा आवाज आला. धड-धड-धड, घाई नाही, धाप नाही, एकाच ठेक्यात. जीप मुरमाची लाल धूळ उडवत शेजारून पुढे निघाली. भगवंताने तिला कधी मागून चढताना पाहिलंच नव्हतं. तो नेहमी आत बसलेला. मागची वाकडी नंबरप्लेट, हिंदकळणारी पिंपं, आणि तरी वळणावर जराही न डगमगणारं तिचं ते बूड. त्याला राहवलं नाही. आपण शर्यतीत आहोत आणि मान हातचा चाललाय, हे पार विसरून त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "चल गं माझी बाय! सोडू नको!"

जीप वर पोचली. बऱ्याच वेळाने, धूर ओकत, ट्रकही पोचला. भगवंत खाली उतरतो तो भूपेश धावत आला आणि त्याने बापाला मिठीच मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

"बाबा, तू मुद्दाम मागं राहिलास. मना मान मिळावा म्हणून."

भगवंताने खरं सांगायला तोंड उघडलं. देवीशपथ उघडलं. पण तोवर गावकऱ्यांसोबत मागून टेम्पोने आलेला धोंडिबा हात वर करून गर्जला, "बघा रे! बापानं पोरासाठी मान सोडला! टर्बो हाताशी असून सोडला!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एकीने तर वाकून नमस्कार केला. उघडलेलं तोंड भगवंताने हळूच मिटलं आणि चेहऱ्यावर जमेल तेवढा त्याग आणला.

पुतळाबाई तेवढी रडली नाही. तिने नवऱ्याच्या उघड्या खांद्याकडे पाहिलं, मग धूर ओकणाऱ्या ट्रकच्या सोंडेकडे.

"टॉवेल कुठाय?"

"घरी. वाळत घातलाय."

"वाळत घातलेलं सगळं मी घडी करूनशी आलेय," पुतळाबाई एवढंच म्हणाली, आणि ट्रकच्या बाजूला जाऊन दिसेनाशी झाली.

इकडे धोंडिबाला भरतं आलं होतं. मानकऱ्याची शाल भूपेशच्या खांद्यावर पडली. मग धोंडिबा म्हणाला, "असल्या बापाला पण कायतरी घातलं पायजे. पण शाल तर एकच आणलेय."

"माझ्याकडं हाय," मागून पुतळाबाई म्हणाली.

ती गर्दीतून पुढे आली आणि सगळ्या गावादेखत तिने भगवंताच्या खांद्यावर लाल चौकडीचा टॉवेल पांघरला. मुरमाच्या धुळीने माखलेला, मधोमध गाठ, आणि नळकांड्यात दाबून बसल्याने बाटलीच्या आकाराचा झालेला.

"पुतळे, जरा मळलाय गं," धोंडिबा भाबडेपणाने म्हणाला.

भूपेशने टॉवेलकडे पाहिलं. मग ट्रककडे. सोंडेचं टोपण उघडं लोंबत होतं. मग त्याने बापाकडे पाहिलं, आणि भगवंत आपल्या चपलांकडे पाहू लागला. मेलो, असं त्याला वाटलं. पण भूपेशला हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग असं, की त्याला जीपच्या बॉनेटचा आधार घ्यावा लागला. कुणाला काही कळेना. लोक म्हणाले, पोराला आनंद झाला.

डोळे पुसत त्याने बापाचा हात धरला आणि त्याला ओढत ठाण्यात नेलं. मुखवटा एकाला उचलण्यासारखा होता, पण भूपेश म्हणाला की जड आहे, दोघं लागतील. दोघांनी दोन बाजूंनी धरला. देवीच्या पुढ्यात वाकलेले असताना, तो फक्त बापाला ऐकू जाईल असं म्हणाला, "जीप एवढी हवी होती तर मना सांगायचं ना, बाबा. बोळा मीच घातला असता."

मुखवटा बसल्यावर भगवंताने सवयीने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि डोळे पुसले. तोंड वर केलं तेव्हा ते कपाळापासून हनुवटीपर्यंत मुरमाने लालेलाल झालं होतं, आणि गावाला वाटलं, गुलाल लावलाय.

"दे इकडं," पुतळाबाई टॉवेल काढून घेत म्हणाली. "दुसरी सवत आता काय घरातून जात नाय. हिला तरी धुवून टाकते."