शेवटच्या रांगेतला बाक फाटकापाशी कसा आला

बाकानं बसू द्यावं, बोलू नये, हे मला कळतं. पण परवापासून माझ्यावर जी बसून होती ती कुणाशी धड बोलत नव्हती, म्हणून मलाच बोलावं लागतंय.

मी चर्चमधला, शेवटच्या रांगेतला बाक. सुतारानं माझा एक पाय आखूड ठेवला आणि "मागच्या रांगेला चालतंय" म्हणून हात झटकले. माझ्यावर बसणारी मंडळी पुढच्यांपेक्षा जास्त पापी नव्हती, फक्त उशिरा येणारी होती. प्रवचनाला त्यांचा डोळा लागे. 'आमेन' मात्र सर्वांत मोठ्यानं त्यांचंच.

एका सोमवारी पाळकांची बायको झाडायला आली, तर माझ्याखाली एक पोरगा झोपलेला. अंगावर वेदीवरचं पांढरं कापड, आणि प्रभुभोजनातून उरलेली भाकर फस्त.

"अगं, चोर आहे हा!" पाळक ओरडले.

"चोर असता तर चांदीचा पेला नेला असता. भुकेलाय तो."

तिनं त्याला माझ्यावर बसवून जेवू घातलं. तो ताटावर असा तुटून पडला की त्याचं नाव 'बोका' पडलं. पाळक म्हणाले, "खरं नाव तरी विचार." बाई म्हणाली, "आधी जेवू दे. उपाशी पोराला विचारलं की ते घाबरून पळतं."

तोच तिथला रिवाज झाला: आधी ताट, मग प्रश्न. रस्त्यावरच्या पोरांत बातमी पसरली आणि माझ्यावर दाटी झाली. मंडळी कुरकुरली, "हे देवाचं घर आहे की धर्मशाळा?"

"प्रभूला गोठ्यात जागा मिळाली," बाई म्हणाली, "ती काही कमिटी नेमून मिळाली नव्हती."

मग पोरांसकट माझीही रवानगी मागच्या दोन खोल्यांत झाली. खोल्यांवर मजला चढला, शेजारी इमारत उठली, दारावर बालगृहाची पाटी लागली. शेवटी कमिटीही आली. काम मार्गी लागलं की ती येतेच. पाळक देवाघरी गेले, आणि बोका त्याच घराचा व्यवस्थापक झाला.

त्यानं रिवाज उलटा केला. आता फाटकावरच विचारायचं: नाव काय, आई कुठं. बाई भडकली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुम्ही मला कित्येक महिने काही विचारलंच नाहीत. विचारलंत तेव्हा आईचं नाव माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. या पोरांचं तसं व्हायला नको."

बाई ताटं वाढायला आत निघून गेली. दोघांत बरोबर कोण, हे बाकाला कुठून कळणार?

परवा भर दुपारी एक मुलगी आली. कडेवर तान्हा भाऊ, तापानं लालबुंद. बोका तिच्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी मायेनं म्हणाला, "बाळा, नाव काय तुझं? आई कुठाय?"

'आई' ऐकताच ती वळली आणि धावत सुटली. चपला शोधण्यात बोक्यानं जेवढा वेळ घालवला तेवढ्यात ती बाजाराच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

तेव्हापासून तो दवाखाने, बसथांबे, पुलाखालच्या जागा पालथ्या घालतोय. बाईनं मला ओढत फाटकाबाहेर आणवलं आणि झाकलेलं ताट शेजारी ठेवून बसली. स्वतः घास घेईना. कमिटीचे चिटणीस येऊन म्हणाले, "बाई, उन्हात बसून काय होणार? प्रार्थना करा."

"करतेय. तुम्ही जरा शोधा, म्हणजे देवाचाही भार हलका होईल."

चिटणिसांना बैठकीची आठवण झाली.

आत्ता बोका परतला. पायांना फोड, ओठ कोरडे. "बाई, नदीच्या पुलाखाली कालपर्यंत बाळाचं रडणं ऐकू यायचं, चहावाला म्हणतो. आज येत नाही."

"तू खाली उतरून पाहिलंस?"

तो हुंदक्यातच म्हणाला, "मला नाही बघवणार. मीच हाकललं त्यांना."

"रडायचं ते वाटेत रड. दुधाची किटली घे."

"बाई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना कोण विचारतंय? चल म्हणते ना!"

ती त्याचा हात धरून लंगडत निघाली. कोपऱ्यावरून दोघं दिसेनाशी झाली. फाटक सताड उघडं, ताटावर माश्या, आणि मी एकटा.

पुलाखाली त्यांना काय दिसेल, याचा विचार माझ्यानं करवत नाही. पण समजा, ती तिथं नसलीच. समजा, ती दुसऱ्या वाटेनं, बाळाला घेऊन, पुन्हा इकडेच यायला निघाली असली. रिकामं फाटक पाहून ती परत फिरेल. कुणीतरी येऊन घटकाभर बसा हो माझ्यावर. ती दिसली तर मला उठून पुढं जाता येत नाही.