छत्रीच्या कापडाचा भाता

टेकचंदचा घरगुती कॅमेरा म्हणजे अख्ख्या अड्याळात थट्टेचा विषय. नागपूरहून जुनी भिंगाची काच आणली, भोजराज सुताराकडून दोन सागवानी पेट्या करवल्या, आणि मधला घड्यांचा भाता आपणच शिवणार म्हणून गडी हट्टाला पेटला. भात्याला कापड हवं काळं, घडी धरणारं, आणि आत उजेडाचा कण शिरता कामा नये. दुकानदार विचारायचा, "कायले पायजे जी, बुजगावन्याले?"

घाई होती मंदाबाईला, त्याच्या बायकोला. आसगावचे तिचे वडील देवाजी खोकून खोकून अर्धे झाले होते. आई गेली तेव्हा मागे एक फोटोसुद्धा राहिला नव्हता. राहिली ती आईनं पहिल्या संक्रांतीला दिलेली हातमागाची जाड काळी साडी. बापाचं तरी तोंड भिंतीवर राहावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिनं आपणहून पेटीतली ती साडी काढली.

"हे घ्या जी. घट्ट विणीची हाये."

"आईची निशानी कापू काय? ठेव आत," टेकचंद म्हणाला. बायकोवर जीव होता त्याचा, त्यात खोट नाही.

त्यानं छत्रीचं नवं कापड आणलं. परीक्षाही घेतली, पण कशी? झोळी करून तीत लोटाभर पाणी ओतलं. न्याहारी आटोपली तरी थेंब गळला नाही. धानाच्या बांध्यांत पाणी अडवत वाढलेला माणूस. पाणी अडलं की सगळं अडलं, असंच त्याचं डोकं चालायचं.

"पानी नाई जात, त उजेड कुठून जाईन?"

"एकदा उनात धरून पाहा ना जी," मंदाबाई म्हणाली. पण यानं सुई ओवली होती. धरलं असतं तर काय हात झिजले असते याचे? पण नाही.

देवाजी बैलगाडीतून आले. जन्मभर फोटोला भ्यायलेला माणूस, म्हणायचे, फोटो काढला का मानूस भिंतीवर जाते. पण लेकीसाठी पागोटं बांधून अंगणात उन्हात बसले.

"खोकला आला त चालन काय, जवाई?"

"थोडा दम धरा, मामाजी."

म्हाताऱ्यानं दम धरला. मानेच्या शिरा तटतटल्या, पण खोकला येऊ दिला नाही. मग गाडीत बसेपर्यंत खोकतच राहिले.

फोटो धुवायचं औषध भंडाऱ्याहून यायचं होतं. ते येण्याआधीच देवाजी गेले.

तेरवी उरकली, औषध आलं, तेव्हा टेकचंदनं फोटो धुतला. पागोटं आलं होतं, गुडघ्यावरचे हात बोटांसकट आले होते. तोंडाच्या जागी नुसता पांढरा धूर होता. त्यानं भाता सोडवून उन्हात धरला तर कापडाची चाळणी दिसली.

मंदाबाईनं फोटो हातात घेतला. "पागोटं बराबर आलं," ती म्हणाली आणि आत गेली.

बाहेर आली ती साडी आणि कात्री घेऊन. कात्री तिनं त्याच्यापुढे ठेवली. साडी दुहेरी घडी करून दोन्ही हातांनी उन्हासमोर ताणून धरली.

"पाहा."

टेकचंदनं पाहिलं. उजेडाचा एक ठिपका कुठे नव्हता. कापडापलीकडची मंदाबाईसुद्धा दिसत नव्हती. तिचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.